दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असताना फुफ्फुसे कशी सांभाळावीत

सांगलीत औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे तीस वर्षे उभे राहिल्यावर काही प्रश्न पाठ होतात. त्यांपैकी एक असा: "या गोळीने फुफ्फुस खराब तर होणार नाही ना?" विचारणारा बहुधा वाळवा, पलूस किंवा तासगाव तालुक्यातला असतो, हातात मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट ही स्टिरॉइडची गोळी लिहिलेली असते. याच्या उलटा प्रश्नही तितक्याच वेळा येतो: "दोन वर्षे झाली गोळी घेतोय, आता फुफ्फुस पार बरे झाले असेल, बंद करू का?" एकाला औषधाची नको इतकी भीती असते आणि दुसऱ्याची त्याच्याकडून नको इतकी अपेक्षा असते. फुफ्फुसाच्या कोणत्या भागावर हे औषध काय करते, हे दोघांनाही कोणी बसून सांगितलेले नसते. मी डॉक्टर नाही आणि पुढील मजकुरावरून कोणीही आपली मात्रा स्वतः बदलू नये; मात्र ज्यांना तीन महिन्यांहून अधिक काळ स्टिरॉइड घ्यावे लागणार आहे, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काय पाहावे, काय लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना काय विचारावे, हे क्रमाने सांगता येते.

सूज आहे की वण, हे आधी विचारून घ्यावे

श्वासनलिकेला एकामागून एक सुमारे २३ वेळा फाटे फुटत जातात आणि शेवटच्या बारीक फांद्यांना वायुकोशांचे घड लागलेले असतात. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून साधारण ३० ते ५० कोटी वायुकोश असतात आणि रक्त व हवा यांच्यामधला त्यांचा पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. आजार फांदीत आहे की घडात, आणि तिथे सूज आहे की वण, या दोन गोष्टींवर स्टिरॉइडचा उपयोग ठरतो. सूज म्हणजे तिथे जमलेल्या पेशी आणि पाझरलेले पाणी. वण म्हणजे जखम भरताना तयार झालेली ताठ, दोरखंडासारखी ऊती. स्टिरॉइड सूज उतरवते. वण उतरवत नाही.

दम्याचा आजार फांद्यांचा आहे. नळीचे आतले अस्तर सोलवटते, इओसिनोफिल जातीच्या पेशी गोळा होतात, कफ तयार करणाऱ्या पेशींची संख्या वाढते, अस्तराखालचा पडदा जाड होतो आणि नळीभोवतीचा स्नायूही जाडावतो. पंपातून रोज स्टिरॉइड घेतल्यास इओसिनोफिल काही दिवसांत ते काही आठवड्यांत कमी होतात आणि सोलवटलेले अस्तर भरून येते. जाड झालेला पडदा मात्र महिनोन् महिने औषध घेतल्यावर थोडासाच पातळ होतो आणि स्नायूच्या जाडीत फारसा फरक पडत नाही. म्हणून दम्याचा रुग्ण "आता दम लागत नाही" म्हणून पंप सोडतो, तेव्हा सूज परत येते, आणि ती पुन्हापुन्हा येत राहिली की नळीचा ताठरपणा वाढत जातो. बंद करण्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे दडलेले आहे.

घडांच्या आजाराला आपल्याकडे "फुफ्फुसाला जाळी पडली" असे म्हणतात. हा एक आजार नसून अनेक आजारांचा गट आहे, आणि आपल्या जिल्ह्यात त्यातील एकाकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण त्याचा संबंध आपल्या कामाशी आहे. साखर कारखान्यात उसाचा रस काढल्यावर उरलेला बगॅस ओलसर राहून साठला की त्यात उष्णता मानवणारे सूक्ष्म जंतू वाढतात, आणि तो कोरडा होऊन उपसताना उडणाऱ्या धुळीतून ते छातीत जातात. काहींच्या शरीराला ही धूळ मानवत नाही आणि वायुकोशांच्या भिंती सुजतात; याला बगॅसोसिस म्हणतात. बुरशी आलेला कडबा किंवा कुजका भुसा उपसणाऱ्या शेतकऱ्याला आणि खुराड्यात कबुतरे पाळणाऱ्यालाही याच जातीचा त्रास होतो. सुरुवातीला धुळीपासून दूर राहिले आणि गरज असल्यास काही काळ स्टिरॉइड घेतले, तर भिंती बहुतांशी पूर्ववत होतात. धूळ तशीच चालू ठेवून गोळी घेत राहिले, तर सूज थोडी दबते, वण मात्र आतल्या आत वाढत राहतो. स्टिरॉइड चालू आहे म्हणून बगॅसच्या ढिगावर परत कामाला जाणे हा माझ्या पाहण्यातला सर्वांत महागडा गैरसमज आहे. कारखान्यातील कामाची जागा बदलून मिळण्यासाठी डॉक्टरांचे पत्र मागायला संकोच करू नये.

जाळीच्या सर्व आजारांत स्टिरॉइड चालते, असेही नाही. ज्या आजारात कारण सापडत नाही आणि सुरुवातीपासूनच वणाचा जोर असतो, त्यात प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टिन ही तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत अनेक वर्षे होती. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले, ही औषधे घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसल्याने तो उपचार मध्येच थांबवावा लागला. आता त्या आजारात पिरफेनिडोन किंवा निंटेडॅनिब ही वण वाढण्याचा वेग कमी करणारी औषधे देतात. त्यामुळे शेजारच्या गावातील एखाद्याला "जाळीवर" स्टिरॉइड लागू पडले, एवढ्यावरून ते आपल्याला लागू पडेल असे धरून चालू नये.

चुलीच्या धुराने किंवा विडीने होणाऱ्या दीर्घकालीन श्वसनविकारात, म्हणजे सीओपीडीत, वायुकोशांच्या भिंती फाटून घडांऐवजी मोठाल्या पोकळ्या तयार होतात. फाटलेली भिंत स्टिरॉइडने पुन्हा बांधली जात नाही. वरचेवर अटॅक येणाऱ्या काही रुग्णांना पंपातील स्टिरॉइडचा फायदा होतो, मात्र त्यासोबत न्यूमोनियाचा धोका वाढतो, हे सहा हजारांहून अधिक रुग्णांवर तीन वर्षे चाललेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतून स्पष्ट झाले. म्हणून सीओपीडीच्या रुग्णाने "माझ्या पंपात स्टिरॉइड आहे का, आणि मला ते का हवे?" हे दोन प्रश्न मोकळेपणाने विचारावेत.

औषध स्वतः फुफ्फुसाची घडण बिघडवते का

या प्रश्नाचे उत्तर वयानुसार बदलते. मूल जन्मते तेव्हा त्याचे बहुतेक वायुकोश अजून तयार व्हायचे असतात. मोठ्या पिशव्यांच्या आत नव्या भिंती उभ्या राहून त्यांची संख्या पुढच्या काही वर्षांत वाढत जाते. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिल्यावर या भिंती उभ्या राहण्याचे थांबते आणि कमी संख्येचे, मोठ्या आकाराचे वायुकोश तयार होतात, हे प्रयोगांतून दिसले आहे. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांना हे औषध देताना डॉक्टर हात आखडता घेतात, त्यामागे मेंदूच्या वाढीच्या काळजीबरोबर हेही एक कारण आहे. याउलट वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यता असेल, तर आईला प्रसूतीपूर्वी स्टिरॉइडची इंजेक्शने देतात आणि त्यामुळे बाळाच्या फुफ्फुसातील वायुकोश मिटू न देणारा स्राव लवकर तयार होतो. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि होवी यांनी १९७२ मध्ये हे दाखवून दिल्यानंतर असंख्य बाळांचा श्वास वाचला. तेच औषध दोन-तीन दिवसांच्या फरकाने तारक आणि मारक ठरू शकते.

दम्याच्या मुलांच्या आईवडिलांना मात्र मी निःशंकपणे एक गोष्ट सांगतो. ५ ते १२ वर्षे वयाच्या एक हजारांहून अधिक मुलांना चार ते सहा वर्षे पंपातून ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड किंवा तुलनेसाठी इतर उपचार देऊन अमेरिकेत तपासणी झाली. त्यात ब्युडेसोनाइड घेणाऱ्या मुलांच्या फुफ्फुसांची वाढ खुंटलेली दिसली नाही. उंचीत मात्र फरक पडला आणि ही मुले मोठी झाल्यावर तो सुमारे १.२ सेंटीमीटर भरला. सव्वा सेंटीमीटरची उंची एका पारड्यात आणि वारंवार ॲडमिट होणे, शाळा बुडणे, धापा टाकत झोपणे दुसऱ्या पारड्यात, असा हा हिशेब आहे. मला त्यात फारसे कोडे दिसत नाही. डॉक्टर मात्र लागेल तेवढीच कमी मात्रा ठेवतात आणि मुलाची उंची दर भेटीत मोजतात, हे पाहावे.

प्रौढांबाबत बोलायचे तर, प्रयोगशाळेत मोठ्या उंदरांना मिथाइलप्रेडनिसोलोन दिल्यावर वायुकोश रुंदावल्याचे आढळले आहे, पण माणसात गोळीमुळे वायुकोश फाटतात असे सिद्ध झालेले नाही. प्रौढ रुग्णाचे नुकसान बहुधा आडवाटेने होते: जंतुसंसर्गातून, श्वासाच्या स्नायूंतून आणि छातीच्या पिंजऱ्याच्या हाडांतून. पुढची काळजी मुख्यतः या तीन वाटांची आहे.

वही घालावी

सुरुवात शंभर पानी वहीने करावी. पहिल्या पानावर आजाराचे नाव, स्टिरॉइड कधी सुरू झाले ती तारीख आणि कोणत्या औषधाची किती मात्रा, हे लिहावे. पाकिटावरील नावे वेगवेगळी असली तरी औषधांची ताकद जोखता येते: ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डेफ्लाझाकॉर्ट किंवा पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन यांच्या बरोबरीचे असते. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी रोज जेवढे कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड, तयार करतात, तेही साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या आसपासच भरते. डेक्सामेथासोनची "अर्ध्याचीच तर गोळी" म्हणून तिला किरकोळ समजणाऱ्यांनी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

वहीत मधल्या कोर्सचीही नोंद हवी. अटॅक आला की ४० मिलिग्रॅम पाच दिवस, म्हणजे एका खेपेला २०० मिलिग्रॅम. वर्षातून चार वेळा असे झाले की ८०० मिलिग्रॅम पोटात गेले. प्रौढांत आयुष्यभरात असे चार-पाच कोर्स झाले तरी हाडे ठिसूळ होणे, मधुमेह आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढू लागतो, असे दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. बहुतेक रुग्ण हे कोर्स तीन वेगवेगळ्या दवाखान्यांतून घेतात आणि कोणालाच एकूण बेरीज ठाऊक नसते. ती बेरीज वहीच सांगू शकते. पंपाने घेतलेल्या औषधाची नोंद वेगळ्या पानावर करावी, कारण ती मायक्रोग्रॅममध्ये असते. ४०० मायक्रोग्रॅम म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी.

पुड्यांचे प्रकरण इथेच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या तालुक्यातील एक शेतकरी अण्णा दुकानात आले. चेहरा गोल, गाल लालसर, पोट सुटलेले, हातापायांच्या मात्र काड्या, आणि दंडावर साधा धक्का लागल्याचे काळेनिळे डाग. दम्यावर "जडीबुटीची" पांढरी पुडी ते तीन वर्षे घेत होते आणि तिचे गुणगान करत होते. त्यांच्या अंगावरची सगळी लक्षणे स्टिरॉइडची होती. यात्रेच्या गडबडीत पुड्या संपल्या, चार दिवस खंड पडला, आणि उलट्या, गळाठा, चक्कर येऊन ते अंथरुणाला खिळले. रक्तदाब हाताला लागेना. इस्पितळात शिरेतून स्टिरॉइड दिल्यावर ते उठून बसले. जे औषध काही तासांत दमा गायब करते, भूक वाढवते आणि ज्याच्या पाकिटावर नाव नसते, त्यात स्टिरॉइड असण्याचा संशय घ्यावा, आणि ते एकदम न थांबवता, सोबत घेऊन थेट डॉक्टरांकडे जावे. कोजागिरीच्या रात्री दुधातून दम्याचे औषध घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कोणी श्रद्धेने जात असेल तर जावे, पण त्या रात्रीच्या भरवशावर चालू गोळी किंवा पंप सोडू नये.

पंप नीट ओढला तरच फुफ्फुसात पोचतो

गोळीची मात्रा कमी करायची असेल, तर पंपाचे औषध जिथे जायचे तिथे गेले पाहिजे. दाबाचा पंप स्पेसरविना, म्हणजे त्याला जोडायच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्याविना, मारल्यावर औषधाचा थोडाच भाग, पाचव्या हिश्शाच्या आत, छातीत उतरतो. बाकीचे टाळूवर आणि घशात बसते. दाबाच्या पंपाने श्वास सावकाश ओढायचा असतो, चार-पाच सेकंद. कॅप्सूल टाकून घेण्याच्या कोरड्या भुकटीच्या यंत्राने मात्र एका दमात, जोराने आणि खोल. माझ्या दुकानात मी रुग्णाला पंप मारून दाखवायला सांगतो, आणि वर्षानुवर्षे पंप वापरणारेही या दोन्हींची अदलाबदल करतात. पंप हलवावा, आधी श्वास पूर्ण सोडावा, ओढल्यावर दहापर्यंत आकडे मोजत धरून ठेवावा आणि दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने घ्यावा. कॅप्सूल उघडून आत पूड उरली आहे का ते पाहावे. उरली असल्यास पुन्हा ओढावी. नंतर चूळ भरून, घशात गुळण्या करून पाणी थुंकावे, म्हणजे जिभेवर पांढरा थर येत नाही आणि आवाज बसत नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवावा, फडक्याने पुसू नये. पुसल्याने प्लॅस्टिकवर विजेचा भार तयार होतो आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटते.

संसर्ग: ताप न येता येणारा पाहुणा

स्टिरॉइड शरीराची प्रतिकारशक्ती झोपवते, आणि त्याबरोबर तापही झोपवते. एरवी १०२ डिग्री ताप येऊन धावपळ झाली असती, असा न्यूमोनिया अशा रुग्णात केवळ "आज अंगात त्राण नाही" एवढ्यावर येतो. म्हणून थर्मामीटरवर विसंबू नये. घरात पल्स ऑक्सिमीटर ठेवावा आणि बसल्या जागीचा ऑक्सिजनचा आकडा घेऊन झाल्यावर सोप्यातून परसापर्यंत चार-पाच फेऱ्या मारून पुन्हा घ्यावा; चालल्यावर आकडा ४ किंवा त्याहून अधिक उतरत असेल आणि पूर्वी तसे होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. कोरडा खोकला, चालताना वाढता दम आणि असा उतरणारा आकडा हे न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीच्या न्यूमोनियाचे नेहमीचे रूप आहे. रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन एक महिन्याहून जास्त चालणार असेल आणि सोबत प्रतिकारशक्ती कमी करणारे दुसरेही कारण असेल, तर तो टाळण्यासाठी डॉक्टर को-ट्रायमॉक्सॅझोल हे सल्फाचे औषध देतात. ते चिठ्ठीवर नसेल तर विचारावे, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावे.

क्षयाचे जंतू आपल्याकडे अनेकांच्या छातीत झोपलेले असतात आणि १५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक प्रेडनिसोलोन महिनाभर चालल्यास ते जागे होण्याची शक्यता वाढते. औषध सुरू होण्यापूर्वी छातीचा एक्स-रे काढलेला असावा, घरात कोणाला पूर्वी क्षय झाला असल्यास तो लपवू नये, आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिल्यास थुंकीची सीबीनॅट, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणारी, तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

आपल्याकडे संसर्गाची दोन घरगुती ठिकाणे आहेत. पहिले म्हणजे कृष्णेच्या पुराचे घर. २०१९ च्या पुरानंतर कित्येक घरांच्या भिंती दिवाळीपर्यंत ओल्या होत्या आणि कपाटामागे काळी-हिरवी बुरशी चढली होती. स्टिरॉइड घेणाऱ्याने अशी भिंत खरवडू नये, गाळ उपसू नये, आणि घर पूर्ण वाळेपर्यंत शक्य असल्यास दुसऱ्या घरी राहावे, कारण या बुरशीचे बीज दुबळ्या फुफ्फुसात रुजते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, स्टिरॉइड आणि वाढलेली साखर यांच्या जोडीने म्युकरमायकोसिस काय करू शकतो, हे आपण पाहिलेच. दुसरे ठिकाण म्हणजे ओले रान. तिथे अनवाणी चालल्यावर स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक कृमी तळपायाच्या कातडीतून शिरतो आणि वर्षानुवर्षे आतड्यात गुपचूप राहतो. स्टिरॉइड मिळताच त्याची संख्या बेसुमार वाढते आणि त्याच्या अळ्या फुफ्फुसांतून प्रवास करतात. आयुष्य शेतात गेलेल्या माणसाने मोठ्या मात्रेचे स्टिरॉइड सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना तेवढे सांगावे, आणि रानात बूट घालावेत.

फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र मोठी मात्रा चालू असताना टाळतात. हळद पॉलिश होत असताना, उसाचा फड पेटवल्यावर आणि बेदाण्याला गंधकाची धुरी देताना तिथे थांबू नये. ज्याला थांबणे भाग आहे त्याने साधा रुमाल न बांधता एन-९५ मास्क लावावा.

स्नायू आणि पाठीचा कणा

दम वाढला म्हणजे फुफ्फुस बिघडले, असे सगळे धरून चालतात आणि मात्रा वाढवून मागतात. कित्येकदा बिघाड स्नायूंत असतो. दीर्घकाळच्या स्टिरॉइडने मांड्या आणि खांदे यांचे स्नायू झिजतात, आणि छाती-पोटामधला श्वासाचा पडदा हाही स्नायूच आहे. घरच्या घरी पाहायचे तर रुग्णाला हात छातीवर दुमडून खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येते, ते दर महिन्याला मोजून वहीत लिहावे. आकडा घसरत असेल, केस विंचरताना हात गळत असतील किंवा उताणे झोपल्यावर श्वास कोंडत असेल, तर हे शब्द जसेच्या तसे डॉक्टरांना सांगावेत. अशा वेळी उपाय बहुधा मात्रा कमी करण्याचा आणि व्यायामाचा असतो. रोज चालणे, भिंतीला हात लावून उठबशा, आणि ताटात डाळ, उसळ, अंडे किंवा दूध असणे, हे इथे औषधाच्या बरोबरीचे आहे.

कण्याबद्दल घरचा अनुभव सांगतो. आमची आत्या सहा वर्षे गोळी घेत होती. तिची उंची मी स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणेने लिहीत असे, दर गुढीपाडव्याला. चौथ्या वर्षी खूण दीड बोटाने खाली आली. "साडी लांब वाटतेय" असे ती म्हणत होती, पाठ दुखत असल्याचे तिने कोणालाच सांगितले नव्हते. एक्स-रेत छातीच्या कण्याचे दोन मणके चेपलेले निघाले. मणके चेपले की छातीचा पिंजरा पुढे वाकतो, फुफ्फुसाला फुगायला जागा उरत नाही, आणि जाळीचा आजार जसाच्या तसा असूनही दम वाढतो. हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, त्यामुळे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पहिल्या महिन्यापासूनच हवे, आणि पन्नाशीपुढील व्यक्तीला रोज ७.५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर हाडांच्या घनतेची तपासणी आणि हाडे टिकवणारे औषध यांबद्दल सुरुवातीलाच विचारावे. उंची ३-४ सेंटीमीटर कमी झाली, तर दुखत असो वा नसो, कण्याचा एक्स-रे काढावा.

थांबवणे, आजारपण आणि तपासण्या

तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ बाहेरून स्टिरॉइड मिळाले की शरीराच्या ग्रंथी आपले काम थांबवतात, आणि त्या पुन्हा सुरू व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. त्यामुळे गोळी टप्प्याटप्प्याने उतरवतात. ती सकाळी, पोटात काही गेल्यावर घ्यावी. पाकिटात पाच दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवे आणावे. गावात दुकान नसेल आणि पावसात रस्ता बंद होत असेल, तर पंधरा दिवसांच्या ठेवाव्यात. तापाच्या आजारात शरीराला जास्त स्टिरॉइड लागते, म्हणून "ताप आल्यास मात्रा किती वाढवायची आणि किती दिवस" हे डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून घ्यावे. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर वाट न पाहता इंजेक्शनसाठी इस्पितळ गाठावे. दात काढण्यापासून मोतीबिंदूपर्यंत कोणत्याही शस्त्रक्रियेआधी गोळी चालू असल्याचे सांगावे. खिशात तशी चिठ्ठी ठेवावी, कारण बेशुद्ध माणूस सांगू शकत नाही.

फुंकून करायची स्पायरोमेट्री सुरुवातीला, मग तीन-सहा महिन्यांनी, आणि शक्यतो त्याच ठिकाणी करावी, म्हणजे आकड्यांची तुलना खरी होते. जाळीच्या आजारात याच्या जोडीने सहा मिनिटे चालण्याची चाचणी आणि वायू रक्तात किती मुरतो ती तपासणी असते. सीटी स्कॅनच्या अहवालात कधीकधी "मिडियास्टिनल लिपोमॅटोसिस" असे शब्द येतात आणि नातेवाईक गाठ समजून हादरतात. दोन फुफ्फुसांमधल्या जागेत स्टिरॉइडमुळे साठलेली ती चरबी असते, आणि मात्रा उतरली की बहुधा तीही उतरते. साध्या एक्स-रेवर छातीचा मधला भाग रुंद दिसण्याचे कारणही कित्येकदा हेच असते. "ग्राउंड ग्लास" म्हणजे काचेसारखी धूसर सावली बहुधा सुजेची असते आणि औषधाने निवळू शकते. "हनीकोंब", म्हणजे पोळ्यासारखी जाळी, वणाची असते. अहवालात या दोहोंपैकी काय वाढले आणि काय कमी झाले, हे डॉक्टरांना बोट ठेवून विचारावे. रक्तातील साखर, रक्तदाब आणि वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी हेही याच वेळापत्रकात बसवावे.

मिरजेला दाखवायला जाताना सगळे जुने सीटी आणि एक्स-रे तारखांच्या क्रमाने एका पिशवीत लावावेत, सर्वांत जुना वर. चालू औषधांची रिकामी पाकिटे, पंप आणि स्पेसर सोबत न्यावेत, आणि वही पिशवीत तळाला न टाकता हातात धरावी.